शेजारच्या बोअरचा गेरू आणि आपला गेरू

औसा तालुक्यात आमच्याकडे बोअरची गाडी शिवारात आली की बघ्यांची गर्दी होते. आधी काळी माती, मग मुरूम, मग पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हा. राखाडी भुगा उडत असतो आणि मध्येच तांबडा होतो. "गेरू लागला," गाडीवाला म्हणतो. समजा, शेजारच्या बोअरला गेरू 90 फुटांवर लागला होता आणि इथे 130 वर. हा तोच गेरू की दुसरा?

तेल शोधणारे भूवैज्ञानिक याच प्रश्नाशी झुंजतात. नुसत्या खोलीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण थर कलतात, खचतात, पातळ होत होत संपतात. रंगही फसवतो. लाव्हाचा एक प्रवाह थंड झाला, त्याचा वरचा भाग झिजून माती झाला, त्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती माती खाली भाजली. तोच हा गेरू. असे गेरू एका बोअरमध्ये अनेक लागू शकतात. म्हणून एक थर नव्हे, वरखालचा सगळा क्रम जुळवायचा.

तेलविहिरीत त्यासाठी तारेला बांधून यंत्र सोडतात. विजेने खडकाचा अवरोध मोजणारी अशी पहिली नोंद 1927 मध्ये फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनला घेतली गेली. खडकातली नैसर्गिक गॅमा किरणंही मोजतात. चिकणमातीपासून बनलेल्या शेलमध्ये ही किरणं सोडणारे पोटॅशियम, थोरियम जास्त, म्हणून तिथे आलेखाची रेषा उजवीकडे सरकते; स्वच्छ चुनखडकात ती डावीकडे येते. दोन विहिरींच्या पट्ट्या शेजारी ठेवून चढउतार जुळवतात. पण सारखे दिसणारे चढउतार वेगळ्या काळाचेही असू शकतात. मग भुग्यातले फोरामिनिफेराचे, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जीवांचे, सूक्ष्म जीवाश्म तपासावे लागतात. माझ्या मते खरी साक्ष त्यांचीच.

थर जुळला की नाव. जमिनीवर तो जिथे नीट उघडा दिसतो, त्या गावाचं नाव देतात. सह्याद्रीच्या लाव्हाला म्हणूनच पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावं आहेत. समुद्राखाली गाव कुठून आणणार? तिथे एखाद्या विहिरीतला छेद प्रमाण धरतात आणि नाव किनाऱ्याकडून घेतात. मुंबईजवळच्या समुद्रतळाखालच्या थरांना बांद्रा, अलिबाग, रत्नागिरी अशी नावं आहेत. आणखी एका थराचं नाव बसीन, म्हणजे आपली वसईच. 1974 मध्ये समुद्रात विहिरी खोदणाऱ्या 'सागरसम्राट'ने तेल शोधलं त्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रातला मुख्य तेलधारक चुनखडक मात्र नुसत्या 'एल-3' या खुणेने ओळखला जातो. आणि तिथेही बऱ्याच ठिकाणी या सगळ्यांच्या तळाशी आपलाच काळा पाषाण आहे.

आपल्या पाषाणाचा तळ किल्लारीने दाखवला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल छिद्र घेतलं. लाव्हा 338 मीटर, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा खडक आणि मग अतिप्राचीन आधारशिला. अख्खा क्रम हाती आला, कारण नोंद नीट ठेवली होती.

आपल्या बोअरच्या नोंदी मात्र भुग्याबरोबर उडून जातात, याची मला फार हळहळ वाटते. गाडी आली की वही घेऊन उभे राहा: मुरूम कितीवर संपला, गेरू किती फुटांवर आणि किती जाड, त्याच्या खालीवर कसला दगड, पाणी कुठे लागलं. मग शेजाऱ्याची वही मागा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा.