पेशीतलं कॅल्शियम दिसू कसं लागलं?

1883 मध्ये लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी दाखवून दिलं की शुद्ध पाण्यात बनवलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय लवकरच बंद पडतं, नळाचं पाणी वापरलं तर मात्र ते ठोके देत राहतं. हा नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा प्रताप होता. पण जिवंत पेशीच्या आत कॅल्शियम केव्हा आणि किती वाढतं, हे सहजपणे मोजता यायला आणखी जवळपास शंभर वर्षं गेली.

धातू चिकटला की चमकणारे रेणू तसे नवे नव्हते. रसायनशास्त्रज्ञ गोपेल्सरोडर यांनी 1867 मध्येच मोरिन हे वनस्पतींतलं रंगद्रव्य वापरून ॲल्युमिनियम ओळखलं होतं. पेशीत मात्र गणित अवघड होतं. पेशीबाहेर कॅल्शियमचं प्रमाण 1-2 मिलिमोलर, तर शांत पेशीत जेमतेम 100 नॅनोमोलर, म्हणजे दहा हजार पटींनी कमी. वर कॅल्शियमसारख्याच मॅग्नेशियमची गर्दी, त्यातून कॅल्शियम तेवढं वेगळं ओळखायचं. 1962 मध्ये शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून काढलेलं इक्वोरिन हे प्रथिन कॅल्शियम लागताच उजळायचं, पण ते सुईने टोचावं लागे. त्यामुळे मोठ्या पेशींवरच भागवावं लागलं.

केंब्रिजमध्ये रॉजर त्सिएन यांनी 1980 मध्ये बाप्टा हा कॅल्शियम पकडणारा रेणू बनवला. त्याआधीचा ईजीटीए हा रेणूही कॅल्शियम नेमकं पकडतो, पण त्याला आधी हायड्रोजन आयन सोडावे लागतात, म्हणून तो संथ. त्सिएन यांनी त्याच्या सांगाड्यात बेंझिनची कडी बसवली आणि ही अडचण मिटली.

माझ्या मते खरी कमाल 1981 ची. असे रेणू ऋणभारित, त्यामुळे पेशीपटल त्यांना आत घेत नाही. त्सिएन यांनी तो भार एस्टर नावाचे रासायनिक गट जोडून झाकला. रेणू आपसूक आत शिरतो, तिथली एन्झाइम्स एस्टर कापतात आणि भार उघडा पडून त्याचा अभिमन्यू होतो.

कॅल्शियम चिकटलं की चमकणारा 1982 चा रंग क्विन-2 फारच मंद होता. इतका घालावा लागे की तोच पेशीतलं कॅल्शियम शोषून घ्यायचा. 1985 चा फुरा-2 सुमारे 30 पट तेजस्वी निघाला. त्यावर 340 आणि 380 नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकून चमकीचं गुणोत्तर काढलं की पेशी जाड की पातळ, रंग कमी की जास्त, हे प्रश्नच उरत नाहीत.

पुढे जस्तासाठीही रंग आले. 2008 चं नोबेल त्सिएन यांना मिळालं ते जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी (जीएफपी), शिमोमुरा आणि चाल्फी यांच्यासोबत. हे प्रथिन इक्वोरिन शुद्ध करतानाच हाती लागलं होतं. त्याचाच बदललेला अवतार कॅल्शियम-पकड्या प्रथिनाला जोडून 2001 मध्ये जपानमध्ये जीकॅम्प हे कॅल्शियम दाखवणारं प्रथिन तयार झालं. त्याचं जनुक पेशीत घातलं की पेशी ते स्वतःच बनवते, बाहेरून रंग भरायची गरजच नाही.