जोत्यावर उभी राहिलेली हाफेनसिटी

सकाळी नऊच्या सुमारास हँबर्गच्या झांडटोर गोदीत ओहोटी होती आणि धक्क्यावरून तरंगत्या फलाटाकडे जाणारा लोखंडी पूल इतका उतरता झाला होता की आमच्या विद्यार्थ्यांना कठडा धरूनच खाली जावे लागले. समुद्र येथून सुमारे शंभर किलोमीटर दूर असूनही एल्बे नदीला दिवसातून दोनदा भरती येते आणि पाणी साडेतीन मीटरांहून अधिक चढते-उतरते. शंभर वर्षांपूर्वी हा फरक दोन मीटरांच्या आसपास होता. मोठ्या जहाजांसाठी पात्र पुन्हा पुन्हा खोल केले गेले आणि तटबंधांमुळे पुराचे पाणी पसरण्याची मैदाने नदीपासून तुटली. घर्षण कमी झाले, पसरायला जागा उरली नाही, म्हणून भरती आता अधिक उंची घेऊन शहरात शिरते.

अशा नदीच्या काठी, बंदराच्या १५७ हेक्टर जुन्या जमिनीवर हाफेनसिटी ही वस्ती उभी राहत आहे. तिचा आराखडा २००० साली मंजूर झाला. फेब्रुवारी १९६२ च्या वादळी पुरात पाणी ५.७० मीटरांवर चढले आणि हँबर्गमध्ये ३१५ माणसे मृत्युमुखी पडली. ही आठवण ताजी असलेल्या शहरात मुख्य तटबंधाच्या बाहेर घरे बांधणे हा धाडसी निर्णय होता. सगळ्या वस्तीभोवती तटबंध घालायचा तर तो पूर्ण झाल्याशिवाय पहिले घरही सुरक्षित झाले नसते आणि वस्ती पाण्यापासून दुरावली असती. त्याऐवजी इमारती आणि मुख्य रस्ते समुद्रसपाटीपासून सुमारे ८ ते ९ मीटर उंच जोत्यांवर घेतले गेले. उत्तर समुद्राच्या दलदलीतील शेतकरी शतकानुशतके अशाच मातीच्या उंचवट्यांवर घरे बांधत आले आहेत. त्या उंचवट्याला तेथे ‘वार्फ्ट’ म्हणतात. जोत्यांच्या पोटात वाहनतळ आहेत. पाण्याकाठचा फिरण्याचा रस्ता मात्र जाणीवपूर्वक जुन्या, खालच्या पातळीवरच ठेवला आहे, कारण मोठ्या पुरात तो बुडेल हे गृहीतच धरलेले आहे.

एका इमारतीच्या खालच्या दारापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. जाड पोलादी झडप, कडेने रबराची पट्टी, ती घट्ट दाबून धरणाऱ्या कड्या, एवढीच ती यंत्रणा. पूर आला की ही झडप लावायची आणि वरच्या पातळीवरच्या पुलांवरून ये-जा सुरू ठेवायची. अलिबागकडच्या एका विद्यार्थिनीला गावाकडची खारबंदिस्ती आठवली. तेथे एका जागी बांध फुटला तर सगळी शेते खारावतात, येथे एक झडप निकामी झाली तर नुकसान त्या इमारतीपुरते राहते. मला हेच या आराखड्याचे खरे बळ वाटते. महागड्या घरांचा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही तितकेच खरे.

विद्यार्थ्यांनी धक्क्याच्या कडेवरून टेप सोडून दर अर्ध्या तासाने पाण्याची खोली टिपली होती. दुपारी दोनपर्यंत पूल जवळजवळ आडवा झाला. चढत्या रेषेची चढण पाहून मुलांना पुढचा आलेखही तसाच उतरेल असे वाटले होते. प्रत्यक्षात भरती चढायला सुमारे पाच तास लागतात आणि ओसरायला सुमारे सात. जोराची भरती गाळ वर ढकलते, संथ ओहोटीला तो सगळा परत नेता येत नाही. धक्क्याच्या भिंतीवर साचलेला करडा चिखल हा त्याच गाळाचा थर होता आणि हँबर्गच्या बंदरात तो उपसण्याचे काम वर्षानुवर्षे सुरू आहे.