राइस कुकरमधलं सू-वीड आलं कुठून

परवा एकाने विचारलं की सू-वीडसाठी ते महागडं मशीन घ्यावंच लागतं का, घरातल्या राइस कुकरमध्ये नाही का जमत. जमतं. आणि ह्याचा इतिहास बघितला तर मशीन फार उशिरा आलंय, त्याच्या आधी बराच काळ जुगाडच चालू होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सू-वीड हा फ्रेंच शब्द, अर्थ निर्वात. मांस पिशवीत घालायचं, हवा काढून पिशवी सील करायची आणि मांस आतून जितक्या डिग्रीला हवं तितक्याच डिग्रीच्या पाण्यात तास-दोन तास, कधी दोन-तीन दिवससुद्धा, सोडून द्यायचं. स्टेक 55 ला, चिकन ब्रेस्ट 60-65 ला. पाणीच त्याच्या वर जात नाही त्यामुळे कडेला चामडं आणि मध्ये कच्चं असला प्रकार होत नाही. नावात निर्वात असलं तरी खरी मेख तापमान धरून ठेवण्यात आहे. आपल्याला हे विचित्र वाटतं कारण आपलं स्वयंपाकघर बरोबर दुसऱ्या टोकाला, प्रेशर कुकरमध्ये 120 च्या आसपास, आणि डिग्री कोण बघतंय, आपण शिट्ट्या मोजतो.

आता पहिला जुगाड. बेंजामिन थॉम्पसन उर्फ काउंट रमफर्ड, जन्म अमेरिकेतला, करियर बव्हेरियात, उष्णतेवर काम केलेला मोठा शास्त्रज्ञ. अठराव्या शतकाच्या शेवटी ह्याने बटाटे सुकवायचं एक यंत्र बनवलं होतं, त्यात मटण भाजलं जातंय का बघू म्हणून खांद्याचा तुकडा ठेवला. तीन तासांनी बघतो तर काहीच झालेलं नाही, आच कमी पडली म्हणून नाद सोडला आणि तुकडा स्वयंपाकाच्या बायकांवर सोपवला. त्यांनी तो रात्रभर तसाच आत राहू दिला, आणि सकाळी बघतात तर मटण मस्त शिजलेलं आणि चवही अफलातून. चव बघून साहेबही चकित झाले! ह्यात पिशवी नाही, पाणी नाही, नुसती गरम हवा, पण कमी आचेवर खूप वेळ ही गोष्ट इथे लिहून ठेवलेली सापडते.

पिशवी आली 1960 च्या दशकात, पॅकिंगच्या धंद्यातून, अन्न टिकवण्यासाठी म्हणून. मग 1974 मध्ये फ्रान्समधल्या रोआन गावात, त्रवाग्रो बंधूंच्या रेस्टॉरंटसाठी, जॉर्ज प्राल्यू ह्या शेफने फ्वा ग्रा म्हणजे पोसलेल्या हंसा-बदकाचं लिव्हर प्लास्टिकमध्ये गुंडाळून शिजवून बघितलं. नेहमीच्या पद्धतीने शिजवताना चरबी वितळून 40 टक्क्यांपर्यंत वजन जायचं, इतका महागडा माल, आणि पिशवीत ते 5 टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे फ्रेंच हॉटेलवाल्याला चवीइतकीच काळजी घटीची. त्याच सुमारास ब्रुनो गुसो हा शास्त्रज्ञ कारखान्यातल्या जेवणासाठी 60 डिग्रीवर बीफ शिजवण्याचे प्रयोग करत होता, वेळ आणि तापमानाचं गणित बसवण्याचं श्रेय मुख्यतः त्याचं.

पुढे शेफ लोकांनी उचललं ते प्रयोगशाळेतलं वॉटर बाथ आणि सर्क्युलेटर, म्हणजे पाणी तापवून फिरवत ठेवणारं यंत्र. सॅम्पल ठरलेल्या तापमानाला ठेवायची वस्तू, ती बदकासाठी, म्हणजे हाही जुगाडच की. फक्त हजार डॉलरच्या घरातला. 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने रेस्टॉरंटांवर बडगा उगारला, निर्वात पिशव्यांसाठी लेखी सुरक्षा प्लॅन मागितला, आणि त्या निमित्ताने पेपरात हे नाव गाजलं.

घरगुती लोकांचा काळ साधारण इथून सुरू होतो. डग्लस बाल्डविन नावाच्या गणितज्ञाने किती जाडीच्या तुकड्याला किती वेळ लागतो ह्याचे तक्ते करून फुकट वाटले, ह्या माणसाचे उपकार मोठे आहेत कारण घरी तोपर्यंत सगळं अंदाजपंचे होतं. आणि भांडं? भांडं घरात होतंच. तोशिबाचा ऑटोमॅटिक राइस कुकर 1955 चा, अमेरिकेतला क्रॉक-पॉट 1971 चा. लोकांनी काय केलं, भिंतीतला सॉकेट आणि राइस कुकर ह्यांच्या मध्ये एक पीआयडी कंट्रोलर, म्हणजे तापमान बघून करंट आपोआप चालू-बंद करणारी डबी, लावला, त्याचा सेन्सर पाण्यात, पाणी गार झालं की करंट चालू, गरम व्हायला लागलं की आधीच बंद. हे आधीच बंद महत्त्वाचं, साधा थर्मोस्टॅट तापमान ओलांडून गेल्यावर जागा होतो. पीआयडीचं गणित 1922 मध्ये निकोलस मिनोर्स्कीने जहाज सरळ चालवण्यासाठी मांडलं होतं, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको नावाच्या युद्धनौकेवर त्याची चाचणी झाली, आणि शेवटी ते अंडी उकडायला लागलं!

ह्यासाठी कुकर मात्र खट्‌कन पडणाऱ्या बटणवाला, साधा लागतो. डिजिटल असला तर करंट तुटला की तो सगळं विसरतो आणि परत बटण दाबायची वाट बघत बसतो. मी कंट्रोलर नसताना नुसत्या वॉर्म मोडवर अंडी ठेवली होती, 63-64 ला पिवळं कस्टर्डसारखं होतं असं ऐकून, आमचा कुकर 70 च्या वर निघाला आणि नेहमीची उकडलेली अंडी मिळाली, फक्त दीड तास उशिरा.

2010 मध्ये केंजी लोपेझ-आल्ट ह्या अमेरिकन खाद्यलेखकाने तर विजेलाच रजा दिली. पिकनिकला बियर गार ठेवायचा कूलर (आपला वाळ्याचा नव्हे, आइसबॉक्स) जसा गारवा धरतो तसा गरमपणाही धरतो, मग दोन-चार डिग्री जास्त गरम पाणी भरा आणि झाकण लावा. निर्वात मशीनऐवजी झिपची पिशवी, ती पाण्यात हळूहळू बुडवली की पाण्याच्या दाबानेच हवा बाहेर. दह्याचं पातेलं टॉवेलात गुंडाळून ठेवणाऱ्या आपल्या घरांना ह्यात नवल वाटू नये. त्याच वर्षी स्कॉट हायमंडिंगर ह्या अमेरिकन ब्लॉगरने 75 डॉलरच्या सुट्या भागांतून सर्क्युलेटर जोडून दाखवला, तेव्हा दुकानातलं घरगुती मशीन 449 डॉलरला होतं. 2013 मध्ये त्याच्याच कंपनीने सॅन्सेअर नावाने त्याचं प्रॉडक्ट केलं, किकस्टार्टर ह्या लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या वेबसाइटवर 8 लाख डॉलरच्या वर पैसे जमले. मग स्वस्त मशिनांची रांगच लागली आणि राइस कुकर बिचारे भाताकडे परतले.

अजूनही करून बघायचं असेल तर एकच. साडेचोपन्न डिग्रीच्या खाली मांस तासनतास ठेवू नका, काही जंतू 50 च्या आसपासही आरामात वाढतात आणि बंद पिशवीत हवा नसणं त्यातल्या काहींना उलट मानवतं. आइसबॉक्समधलं पाणी हळूहळू गार होतच जातं, म्हणून त्यात तास-दोन तासाचा स्टेक किंवा मासा ठीक, दोन-तीन दिवसांचे प्रकार तिथे नकोत. आणि आपला बादलीतला पाणी तापवायचा रॉड बघून कोणाच्या डोक्यात काही येत असेल तर ते तिथेच सोडा, त्याला ना थर्मोस्टॅट ना पंप, आणि शॉकचं तर विचारूच नका.