रेड वाईन आणि ‘खोलीचे तापमान’

‘रेड वाईन कधीही थंड करू नये, ती खोलीच्या तापमानालाच प्यावी’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो मुळात खोटा नाही. फक्त त्यातली खोली आपली नाही. जुन्या काळी युरोपातील थंड घरांमध्ये जेवणाच्या दालनाचे तापमान साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस असे, आणि तळघरातून वर आणलेली गार बाटली तिथे थोडी निवांत ठेवावी, एवढाच त्याचा अर्थ होता. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा पंख्याखालची खोलीही त्या दालनाच्या जवळपास येत नाही.

तापमान वाढले की अल्कोहोल अधिक वेगाने उडते, नाकाला झोंबते आणि फळांचा गंध त्याखाली दबतो. उलट फार थंड केल्यास गंध मिटतो व तुरटपणा पुढे येतो, म्हणून बर्फ टाकणे हाही उपाय नव्हे.

पडताळणी घरीच करता येते. एकाच बाटलीतील वाईन दोन पेल्यांत ओतावी. एक पेला ओट्यावर राहू द्यावा, दुसरा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि मग दोन्ही आळीपाळीने हुंगून पाहावेत. मी हे शेवभाजीच्या जेवणाआधी केले (त्या तिखट रश्श्यानंतर कुठलीच वाईन नीट कळत नाही): ओट्यावरच्या पेल्यातून आधी स्पिरिटसारखा वास आला, फ्रिजमधल्यातून जांभळाचा. उन्हाळाभर माळ्यावर राहिलेल्या बाटलीला मात्र फ्रिज वाचवत नाही. तिचे बूच बरेचदा वर सरकलेले असते आणि चव शिजवलेल्या फळासारखी लागते.