मानवी हक्कांसाठी पत्रलेखन (कोकण)

मानवी हक्कांसाठी पत्रलेखन : अन्याय्य अटक, छळ, फाशी किंवा हद्दपारी यांची टांगती तलवार ज्याच्या डोक्यावर आहे, अशा माणसाच्या वतीने दुसऱ्या कोणी संबंधित अधिकाऱ्याला, न्यायालयाला वा शासनप्रमुखाला पत्र लिहिण्याची प्रथा. स्वतःसाठी केलेला अर्ज तिच्यात मोडत नाही. रत्नागिरीत १८८६ पासून मृत्यूपर्यंत (१९१६) अडकून पडलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाने ब्रिटिश सरकारकडे केलेल्या अर्जांचा विचार म्हणूनच येथे केलेला नाही.

संज्ञा : सरकारदरबारी ‘निवेदन’ व ‘विनंतीअर्ज’ हे शब्द रूढ आहेत. दक्षिण कोकणात अर्थाने अधिक जवळचा शब्द आहे ‘गाऱ्हाणे’. त्याची व्युत्पत्ती बहुधा संस्कृत ‘गर्हणा’ (दोष देणे, निंदा) या शब्दाकडे जाते. तसे असल्यास ‘तक्रार’ हा त्याचा मूळ अर्थ ठरतो आणि देवापुढची विनवणी हा मालवणी मुलखात पुढे रुळलेला अर्थ मानावा लागतो. गाऱ्हाणे घालणारा बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी बोलतो : मुंबईला गेलेल्या चाकरमान्यासाठी, अंथरुणाला खिळलेल्या बाईसाठी, अडल्यानडल्या घरासाठी. आधी देवाला नावानिशी हाक, मग माणसाचे नाव व घर, मग संकट, शेवटी मागणे. आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांचे ‘व्हय म्हाराजा’. मायना, कैद्याची ओळख, धोका, विनंती व खाली सह्या हा मानवी हक्कांसाठीच्या पत्राचा क्रमही हाच आहे. एकातून दुसरे निघाले असे म्हणण्यास पुरावा नाही. तरी ज्याने लहानपणी देवळाच्या सभामंडपात उभे राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हटले आहे, त्याला अनोळखी माणसासाठी सही करणे परके वाटू नये, असे प्रस्तुत नोंदकाराला मनापासून वाटते.

पूर्वपीठिका : कोकणाशी निगडित असे ठळक जुने उदाहरण लोकमान्य टिळकांचे (जन्म रत्नागिरी, १८५६, मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव). राजद्रोहाच्या खटल्यात १८९७ च्या सप्टेंबरात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यांच्या सुटकेसाठी इंग्लंडमधून जो विनंतीअर्ज गेला, त्यावर माक्स म्युलर, विल्यम हंटर, दादाभाई नवरोजी प्रभृतींच्या सह्या होत्या. अर्जाचा भर टिळकांच्या राजकारणावर नव्हता, वेदविषयक विद्वत्तेवर होता. माक्स म्युलर यांनी आपण संपादिलेल्या ऋग्वेदाची प्रतही त्यांना पाठविली होती. ६ सप्टेंबर १८९८ रोजी टिळक मुदतीआधी, अटी मान्य करून, सुटले. सुटका अर्जामुळे झाली की खालावलेल्या प्रकृतीमुळे व अटींमुळे, याविषयी चरित्रकार वेगवेगळा भर देतात. कारणे एकत्र आली असावीत, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

संघटित प्रथेचा उगम : लंडनचे वकील पीटर बेनेन्सन यांचा विस्मृतीत गेलेल्या कैद्यांविषयीचा लेख ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात २८ मे १९६१ रोजी आला आणि त्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. येथवर एकमत आहे. लेखाच्या प्रेरणेबद्दल मात्र वाद आहे. सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत अशी : लिस्बनमध्ये स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावल्याबद्दल दोन विद्यार्थ्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ही बातमी बेनेन्सन यांनी १९६० च्या नोव्हेंबरात भुयारी रेल्वेत वाचली आणि अस्वस्थ होऊन ते वाटेत उतरून चर्चमध्ये जाऊन बसले. स्वतः बेनेन्सन यांनी १९ नोव्हेंबर ही तारीख सांगितली आहे. इतिहासकार टॉम ब्युकॅनन यांनी त्या वेळची वृत्तपत्रे चाळली, तेव्हा त्या तारखेला तशी बातमी आढळली नाही. पोर्तुगालमधील राजकीय अटकांच्या बातम्या त्या काळात येत होत्या. एकीकडे पुढे रचली गेलेली दंतकथा, दुसरीकडे खऱ्या बातम्यांची आठवणीत झालेली सरमिसळ, अशी दोन मते संभवतात. दुसरे मत स्वीकारणे सयुक्तिक वाटते, कारण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत अशा शिक्षा होत होत्या यात शंका नाही आणि त्या राजवटीचे तुरुंग कोकणपट्टीला ऐकून ठाऊक नव्हते, अनुभवाने ठाऊक होते.

आरंभी संस्था पत्रे लिहिणाऱ्या सभासदांच्या प्रत्येक गटाकडे तीन कैदी सोपवीत असे : एक पाश्चात्त्य देशातला, एक साम्यवादी गोटातला, एक तिसऱ्या जगातला. निःपक्षपातीपणा दिसावा म्हणून ही योजना होती. आपल्याच देशातल्या प्रकरणावर सभासदांनी लिहू नये, असाही नियम होता. पुढे तो शिथिल झाला. तातडीच्या आवाहनांची (धोका ओढवताच अनेकांनी एकदम पत्रे पाठविण्याची) पद्धत १९७३ पासूनची असून तिचे पहिले प्रकरण ब्राझीलमधील एका प्राध्यापकाचे होते. संस्थेला १९७७ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील तिच्या शाखेने बँक खाती गोठविली गेल्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये काम थांबविले.

पोर्तुगीज तुरुंग व गोमंतक : गोव्यातील १९४६ च्या आंदोलनानंतर स्वातंत्र्यसेनानी त्रिश्ताव द ब्रागांझ कुन्य यांना लष्करी न्यायासनाने शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगातच राहिले. भारत-पोर्तुगाल राजनैतिक संबंध १९५५ पासून तुटलेले होते, त्यामुळे पत्र पाठवावे तरी कोणत्या दाराने, हा साधा प्रश्न बिकट झाला. पुण्यात सुधीर फडके यांनी त्यांच्या विमोचनासाठी चळवळ चालविली. मद्रासचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांनी पोप पॉल सहावे यांच्याकडे शब्द टाकला. रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले. सप्टेंबर १९६८ मध्ये सालाझारच्या जागी काएतानो आला होता, तेव्हा सत्ताबदलाचा वाटाही नाकारता येत नाही. परंतु दार उघडू लागेल तेव्हा कोणाचे नाव घ्यायचे, हे आधीच्या पाठपुराव्याने ठरलेले असते, आणि तेवढे श्रेय मागणी करणाऱ्यांना द्यावेच लागेल.

या प्रकरणातून एक तात्त्विक मुद्दाही निघतो. ज्याने हिंसा केली नाही वा पुरस्कारिली नाही, तोच ‘सद्‌सद्‌विवेकाचा बंदी’ अशी ॲम्नेस्टीची कसोटी होती. नेल्सन मंडेला यांना त्याच कारणाने १९६४ मध्ये ती संज्ञा नाकारली गेली. सशस्त्र लढ्यातले रानडे त्या कसोटीला उतरले नसते. महाराष्ट्रातल्या आणि गोमंतकातल्या लोकांनी ही फूटपट्टी लावली नाही, ते योग्यच झाले. न्याय्य खटला आणि छळापासून मुक्तता हे हक्क हिंसेच्या आरोपीलाही असतात.

न्यायालयाला पत्र : सुनील बत्रा या कैद्याचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले (१९७९). कोकण विभागापुरते महत्त्वाचे प्रकरण पत्रकार शीला बारसे यांचे. मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्री-कैद्यांना त्या भेटल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रावर १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल लागून स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या व विधिसाहाय्य यांविषयी निर्देश दिले गेले. मानवी हक्क संरक्षण कायद्यानुसार (१९९३) मानवी हक्क आयोगाकडेही साध्या कागदावर तक्रार करता येते. घटनेला एक वर्ष उलटल्यावर मात्र आयोग चौकशी करीत नाही.

उत्तर कोकण व मच्छीमार : पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागातले अनेक आदिवासी तरुण ओखा, पोरबंदर येथील बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने पकडली की ते कराचीच्या मालीर तुरुंगात जातात. समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारातील कलम ७३ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, अनन्य आर्थिक क्षेत्रातील (किनाऱ्यापुढील ज्या पट्ट्यातल्या मासळीवर त्या देशाचा हक्क असतो, तेथील) मासेमारीच्या गुन्ह्याला तुरुंगवास देता येत नाही. मासेमारीसाठी पुरुष वर्षानुवर्षे तुरुंगात राहतो आणि मागे घर उपाशी पडते, ही स्थिती म्हणूनच असह्य आहे. मे २००८ च्या भारत-पाक करारानुसार तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांना कैद्याची भेट मिळावी आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर महिन्याच्या आत त्याला परत पाठवावे, असे ठरले आहे. कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी होते.

येथे लिहावयाचे पत्र म्हणून निराळे असते. त्यात भावनेपेक्षा तपशील लागतो, कारण राष्ट्रीयत्वाची पडताळणी फिरत फिरत अखेर गावच्या पोलीस ठाण्यावर येते. वडिलांचे नाव, पाडा, तालुका, पोलीस ठाणे, बोटीचा नोंदणी क्रमांक, तांडेलाचे (बोटीच्या प्रमुखाचे) नाव, बोट पकडल्याची तारीख. सोबत आधार कार्ड व रेशनकार्डाची झेरॉक्स आणि एक फोटो. नाव मराठीत लिहून खाली इंग्रजीतही लिहावे, कारण उर्दूतून इंग्रजीत उतरताना आडनाव बदलते आणि पडताळणी तेथेच अडते. भाषा सौम्य व पत्र एका पानाचे असावे. पक्ष, धर्म वा शेजारी देशाविषयी टीका नको. ‘माझा नवरा अमुक बोटीवर खलाशी होता. यादीत त्याचे नाव आहे का, ते कळवावे. नसल्यास नोंदवून घ्यावे,’ एवढे पुरते. ‘रजिस्टर’ने पाठवून पोचपावती जपून ठेवण्याची जुनी सवय २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाल्यापासून बदलावी लागली आहे. सही येत नसल्यास अंगठ्याचा ठसा उमटवून त्याशेजारी पत्र लिहून देणाऱ्याने आपले नाव व गाव लिहावे.