गांधी टोपी आणि नेताजींची टोपी : फरक रंगात नाही, पट्टीत आहे

२३ जानेवारी जवळ आली की शाळांच्या कार्यक्रमांसाठी ‘नेताजींचा ड्रेस’ शोधला जातो. कपडे भाड्याने देणाऱ्यांकडून पुष्कळदा हातात पडते ती खाकी कापडात शिवलेली गांधी टोपी. चूक समजण्यासारखी आहे. दोन्ही टोप्या होडीच्या आकाराच्या, दोन्ही पुढे-मागे निमुळत्या आणि दोन्ही घडी करून खिशात मावणाऱ्या. पण नेताजींची ती फौजी साइड कॅप. तिची शिवण वेगळी, डोक्यावर बसण्याची तऱ्हा वेगळी आणि ती कधी घालायची, कधी काढायची याचे नियम तर अगदी उलटे.

सुभाषबाबूंनी स्वतः या दोन्ही टोप्या घातल्या. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या डोक्यावर पांढरी गांधी टोपी होती आणि १९४३ नंतरच्या सिंगापूरच्या छायाचित्रांत खाकी साइड कॅप आहे. ही दोन छायाचित्रं शेजारी ठेवली तर निम्मा फरक तिथेच कळतो.

आधी गांधी टोपी उलटी करून आतून पाहा. वर लांबट, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला माथा, त्याला जोडलेली उभी भिंत आणि त्या भिंतीवर बाहेरून चढवलेली रुंद पट्टी. ही पट्टी सगळीकडे जवळपास सारख्या उंचीची असते आणि टोपीच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचते. म्हणून बाजूने पाहिलं तर माथा दिसतच नाही, नुसती सरळ कड दिसते. पट्टी कुठेही उघडत नाही. बटण नाही, बिल्ला नाही, डावं-उजवं नाही. पुढचं टोक मागे फिरवून घातली तरी बघणाऱ्याला कळत नाही.

साइड कॅपची पट्टी मात्र कामासाठी लावलेली आहे. ब्रिटिश लष्कराची १९३७ ची फिल्ड सर्व्हिस कॅप ही साइड कॅपच; तिच्यात ही पट्टी म्हणजे वर दुमडून ठेवलेला कानपट्टाच. समोर एकाखाली एक अशी दोन छोटी पितळी बटणं असतात. ती काढली की पट्टी खाली येऊन कान आणि मान झाकते आणि तीच बटणं हनुवटीखाली लावता येतात. थंडीसाठी केलेली ही सोय. एरवी पट्टी वर असते, पण तिची कड समोर बटणांपाशी खाली उतरते आणि मधला माथा पट्टीच्या वर कण्यासारखा उठून दिसतो. पलटणीचा बिल्ला डाव्या बाजूला. कापड जाड लोकरी सर्ज, आत सुती अस्तर. आझाद हिंद सेनेत मूळचे बरेच सैनिक ब्रिटिश हिंदी लष्करातले, १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर युद्धकैदी झालेले. त्यामुळे ही टोपी त्यांच्या ओळखीचीच होती. राणी झाशी रेजिमेंटच्या स्त्री-सैनिकांच्या छायाचित्रांतही तीच दिसते.

गांधी टोपीचा उगम अगदी वेगळ्या विचारातून झाला. गांधीजींनी काका कालेलकरांना तो विचार सांगितला होता. वेगवेगळ्या प्रांतांची शिरोभूषणं पाहून त्यांना काश्मिरी टोपीचा घाट पसंत पडला, पण उष्ण हवेसाठी लोकरीऐवजी सुती कापड हवं होतं. रंग पांढरा घेतला, कारण पांढऱ्यावर घाम आणि मळ लगेच दिसतो आणि टोपी धुवावीच लागते. स्वतः गांधीजींनी मात्र ती फार काळ वापरली नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी पंचा स्वीकारला आणि टोपी सुटली. महाराष्ट्राच्या खेड्यांनी आणि मुंबईच्या डबेवाल्यांनी ती आजवर टिकवली.

घालताना गांधी टोपी सरळ बसवायची : पुढचं टोक नाकाच्या रेषेत, दोन्ही बाजू सारख्या. कोणी ऐटीत तिरकी घालतो तो त्याचा शौक, टोपीचा नियम नव्हे. साइड कॅपचा मात्र नियमच तिरकी घालण्याचा आहे. बटणं कपाळाच्या मध्यावर, टोपी उजवीकडे कललेली, उजवीकडची कड उजव्या भुवईच्या साधारण एक इंच वर. डावी बाजू त्यामुळे उंच राहते आणि बिल्ला समोरून स्पष्ट दिसतो. माथ्याची घडी मिटलेलीच राहायला हवी. माप लहान पडलं की ती ताणून फाकते आणि टोपी पालथ्या वाटीसारखी दिसू लागते. माप मोठं झालं की टोपी कानावर घसरते, मग घालणारा ती सरळ करतो आणि नेमकी तिथे ती गांधी टोपीसारखी दिसायला लागते. नीट बसली तरी वारा सुटला की ती उडते, आणि ऊन-पाऊस तर मुळीच अडवत नाही. ब्रिटिश लष्कराने १९४३ मध्ये तिच्या जागी दुसरी, बेरेसारखी (गोल, मऊ, एका बाजूला कलणाऱ्या टोपीसारखी) दिसणारी टोपी आणली. भारतात हवाई दलाच्या गणवेशात साइड कॅप निळसर करड्या रंगात टिकून आहे.

काढण्या-घालण्याचे संकेत तर नीट लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ब्रिटिश परंपरेतल्या फौजेत डोक्यावर टोपी नसेल तर हाताने सॅल्यूट करत नाहीत, सावधान उभं राहतात. ड्यूटी नसताना छताखाली, मेसमध्ये टोपी उतरवायची. साइड कॅप चपटी करून खांद्यावरच्या पट्टीखाली सरकवता येते. आपल्याकडे नेमकं उलट. औक्षणाला बसताना, पूजेला, पंगतीत मान घेताना बोडक्या डोक्याने बसू नये म्हणून टोपी शोधली जाते, आणि टोपी नसेल तर रुमाल तरी डोक्यावर येतो. फौजेच्या त्या नियमामुळेच नाटकात नेताजी झालेला मुलगा टोपीशिवाय सॅल्यूट ठोकतो तेव्हा माहीतगाराला ते खटकतं.

निगा राखण्यातही दोन्हींची गल्लत करू नये. खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून नवी गांधी टोपी डोक्याच्या घेरापेक्षा अर्धा इंच सैल घ्यावी. नीळ आधी पाण्यात पूर्ण विरघळवून मगच टोपी बुडवावी, नाहीतर डाग पडतात. खळ पातळ करावी. दाट खळीने कापड कडक होतं, पण घडीवर मोडतं आणि टोपी आधी पुढच्या टोकालाच फाटते. किंचित ओलसर असतानाच घडी बसवून चपटी इस्त्री करावी. लोकरी साइड कॅपला खळ नको आणि थेट इस्त्रीही नको. वर ओलं कापड ठेवून दाबावं, नाहीतर सर्ज चकाकतं आणि ती चकाकी जात नाही. बटणांना पॉलिश करताना मागे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला नाही तर कापडावर हिरवट-काळा डाग राहतो.

मुलासाठी साइड कॅप शिवून घ्यायची असेल तर शिंप्याला ‘खाकी टोपी’ एवढंच सांगू नका. कपाळाच्या मध्यापासून कानांच्या वरून डोक्याचा घेर मोजून द्या. कापड जाड खाकी ड्रिल चालेल, पण पट्टीत बकरम (ताठपणासाठी आत घालायचं कडक कापड) हवंच, नाहीतर ती गळते. पट्टी माथ्यापेक्षा निदान एक इंच बुटकी ठेवायला सांगा, समोर तिला उतार द्यायला सांगा आणि दोन पितळी बटणं उभ्या रेषेत लावून घ्या. बिल्ला डावीकडे. मग आरशासमोर टोपी उजवीकडे कलवा आणि उजव्या भुवईवर आडवी दोन बोटं ठेवून अंतर तपासा. लहान मुलाच्या कपाळाला दीड बोट पुरतं.