धन, ऋण आणि ‘क्ष’: पैशांच्या हिशेबातलं बीजगणित

सूट वजा जाऊन भरलेल्या रकमेवरून मूळ किंमत काढायची असो की भागीदारांत नफा वाटायचा असो, ‘क्ष मानू’ म्हणून सुरुवात करायची सवय शाळेतच लागते. या सवयीची मुळं थेट देण्याघेण्यात आहेत. वर्षाला २० टक्के चक्रवाढ व्याजाने मुद्दल दुप्पट व्हायला किती काळ लागेल, हा प्रश्न साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मातीच्या पाटीवर सापडतो. नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिलेल्या ज्या अरबी ग्रंथावरून युरोपाला ‘अल्जिब्रा’ हा शब्द मिळाला, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांनीच भरलेला आहे.

पण खरी गुंतागुंत ‘ऋण’ या शब्दाची आहे. इ. स. ६२८ च्या संस्कृत ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम एकत्र दिले आहेत. धन म्हणजे गाठीला असलेलं, ऋण म्हणजे देणं. मराठीत आजही कर्जाला आणि शून्याहून लहान संख्येला हा एकच शब्द चालतो, आणि माझ्या मते हे आपलं भाग्यच आहे.

११५० च्या सुमाराच्या एका ग्रंथातलं उदाहरण पाहा. एकाकडे ३०० रूपं आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० रूपांचं ऋण. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत काय? (इथे ‘रूप’ म्हणजे नाणं नव्हे, नुसतं एकक.) ३०० + ६क्ष = १०क्ष − १००. दोन्ही पक्षांतून सारखंच काढायचं, याला तेव्हा समशोधन म्हणत. उरतं ४क्ष = ४००, म्हणून किंमत १००, आणि प्रत्येकाची संपत्ती ९००. त्याच ग्रंथात माकडांच्या एका उदाहरणात मात्र दोनपैकी एक उत्तर बाजूला ठेवलं आहे, कारण ते घेतलं तर मधल्या पायरीत माकडांची संख्या ऋण येते, आणि दिसणाऱ्या वस्तूंची संख्या ऋण असणं लोकांना पटत नाही. देणं ऋण असू शकतं, माकडं नाहीत.

युरोपात हा वाद फार लांबला. १२०२ मध्ये इटलीत लिहिलेल्या एका ग्रंथात ऋण उत्तरं ‘त्या माणसाला आधीच कर्ज होतं’ असं मानून स्वीकारली आहेत. १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या एका ग्रंथात बीजगणित आणि दुहेरी नोंदीची हिशेबपद्धत शेजारी-शेजारी आली. या पद्धतीने उणे चिन्हाची गरजच टाळली: जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला. १७५८ मध्येही लंडनमध्ये ऋण संख्यांना विरोध करणारं पुस्तक निघालं. कर्जाची उपमा अडते ती गुणाकारात. कर्जाला कर्जाने गुणून संपत्ती कशी होईल? तसं ती होत नाहीच. गुणणारं ऋण हे कर्ज नसतं, ते काढून टाकणं असतं: प्रत्येकी १०० ची ५ देणी माफ झाली, तर माणूस ५०० ने वर येतो. हे वर्गात सांगितलंच जात नाही, आणि ‘ऋण गुणिले ऋण धन’ हे मुलं पाठ करून सोडून देतात.

चिन्हं त्यामानाने उशिरा आली. बरोबरीचं चिन्ह १५५७ चं. अज्ञात राशीसाठी रोमन वर्णमालेतली शेवटची अक्षरं (x, y, z) वापरण्याचा प्रघात १६३७ नंतर रुळला, आणि मराठी पाठ्यपुस्तकांनी x चा ‘क्ष’ केला. १९७९ मध्ये घरगुती संगणकांवर स्प्रेडशीट आली, तेव्हा ‘क्ष’ची जागा रकान्यातल्या चौकटीने घेतली.

तिथेही ऋणाचा प्रश्न सुटला नाही. कर्जाची रक्कम धन म्हणून भरली, की स्प्रेडशीट हप्ता उणे दाखवते आणि अनेकांना सूत्र चुकल्यासारखं वाटतं. चूक काहीच नसते. मिळालेले पैसे धन, जाणारे ऋण, आणि हिशेब कर्जदाराच्या बाजूने मांडलेला असतो. तोच हिशेब कर्ज देणाऱ्याने मांडला, तर दोन्ही चिन्हं उलटतात.